चष्मा पुसताना

सभागृहाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक लांबच लांब मार्गिका आहे. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला बांधकाम खात्याच्या आजवरच्या सगळ्या मंत्र्यांच्या तसबिरी. कोणी मिशीवाले, कोणी बिनमिशीचे, एक जण हसणारा आणि बाकीचे पोट बिघडल्यासारखे. या रांगेत एके ठिकाणी तसबीर नाही, नुसता खिळा आहे. रंगारी भिंत रंगवायला येतात तेव्हा खिळ्यावरूनही ब्रश फिरवतात, त्यामुळे आता तो भिंतीलाच आलेल्या पुटकुळीसारखा दिसतो. पण उपटत कोणी नाही. काढायचा हुकूम नाही, आणि त्यावर काही टांगायचाही नाही.

पंतोजी आमदार झाल्यापासून या मार्गिकेने कधी गेले नव्हते. आपल्या बाकावर पोचायला तीच जवळची वाट होती, तरी ते खालून, उपाहारगृहाला वळसा घालून, मागच्या जिन्याने येत. गुडघे दुखत तरी येत. विचारणाऱ्याला सांगत, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

पंतोजी हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते पूर्वी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत, म्हणून काकांनी पहिल्याच भेटीत त्यांचं हे बारसं केलं होतं. नाव असं चिकटलं, की पुढे मतपत्रिकेवरही खऱ्या नावापुढे कंसात तेच छापावं लागलं. नाहीतर हा कोण उमेदवार हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही कळलं नसतं.

आणि काकाही त्यांचे काका नव्हते. ते सगळ्या मतदारसंघाचे काका होते. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना काकाच म्हणत. सायकलदुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून हा माणूस मंत्री झाला होता. चार माणसांत बोलायला बसले तर दगडाला पाझर फोडतील, पण सभागृहात कोणी कायद्याचं कलम काढून उलटा प्रश्न केला की काकांचं घोडं तिथे पेंड खाई. म्हणून त्यांना पंतोजी लागत. सल्लागार म्हणजे नेमकं काय करता, असं पंतोजींच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं. पंतोजी म्हणाले, काकांना काय वाटतं ते मी काकांना सांगतो. सासऱ्यांना तो विनोद वाटला. तो नव्हता.

मंत्री उत्तर द्यायला उभा राहिला की त्याचे अधिकारी आणि सल्लागार वरच्या सज्जात बसतात. तिथून बोलता येत नाही. शिपायाच्या हाती चिठ्ठी खाली पाठवता येते, पण चिठ्ठी पोचेपर्यंत मंत्र्याची शोभा होऊन गेलेली असते. म्हणून काकांनी आणि पंतोजींनी खुणा ठरवल्या होत्या. पंतोजी हनुवटीखाली हात घेऊन बसले असतील, तर चाललंय ते ठीक चाललंय. पेन काढून खिशाला लावलं, तर पुरे झालं, खाली बसा. आणि चष्मा काढला, तर साफ ‘नाही’ म्हणा, पुढचं मी पाहतो. या तीन खुणांवर काकांनी सबंध खातं चालवलं, असं म्हटलं तरी चालेल. विरोधकांना वाटे, काका उत्तर देण्याआधी वर देवाकडे बघतात. काकू म्हणत, देवाकडे बघायची त्यांना सवय असती तर घरात एवढी भांडणं झाली नसती.

घोटाळा झाला तो बसदुरुस्तीच्या आगारावरून. आगाराचं छत कोसळलं आणि खाली काम करणाऱ्या एका मेकॅनिकचे दोन्ही पाय चिरडले. तो वाचला, पण कुबड्यांवर आला. छत धोक्यात आहे हे तिथल्या इंजिनिअरने आधीच पंतोजींना फोन करून कळवलं होतं. पंतोजींनी ते काकांच्या कानावर घातलं होतं, आणि काकांनी स्वतः इंजिनिअरला उलट फोन करून पुढच्या महिन्यात मंजुरी देतो म्हणून सांगितलं होतं. तो पुढचा महिना येण्याआधी छत आलं.

सभागृहात प्रश्न येणार हे उघड होतं. उत्तर पंतोजींनीच लिहिलं होतं, आणि ते प्रामाणिक होतं. कळवलं होतं, उशीर झाला, जबाबदारी माझी. काका म्हणाले, चार शिव्या बसतील, पण रात्री झोप लागेल. दोघांचं ठरलं.

त्या दिवशी सभागृहातली गार हवेची यंत्रणा बंद पडली होती. सज्जात तर भट्टीच. विरोधी बाकांवरचा एक जुना आमदार उभा राहिला. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला पाठीमागे करवत म्हणत. त्याने पुरवणी प्रश्न टाकला, की ही धोक्याची सूचना मंत्रिमहोदयांना स्वतःला मिळाली होती काय. काकांनी वर पाहिलं. नेमक्या त्याच क्षणी पंतोजींच्या कपाळावरचा घामाचा ओघळ काचेवर उतरला आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला.

बस, एवढंच. पंतोजींची नजर इतकी अधू, की चष्मा काढला की सभागृह म्हणजे नुसता रंगांचा काला. त्या काल्यातून त्यांना काकांचा आवाज ऐकू आला.

“नाही. मला कोणीही काहीही सांगितलं नव्हतं.”

पंतोजींनी घाईने चष्मा घातला तेव्हा काका खाली बसत होते, आणि चेहऱ्यावर समाधान होतं. ठरलेलं उत्तर ऐनवेळी बदललं, म्हणजे पंतोजींच्या हाती काहीतरी हुकमाचं पान आलं असणार, असा त्यांचा विश्वास.

चूक झाली खरी, पण इथवर तिला चूकच म्हणता आलं असतं. सभागृहाचा नियम असा आहे, की त्या दिवशीचं कामकाज संपायच्या आत सभासदाने उभं राहून वैयक्तिक खुलासा केला, माझं विधान चुकलं म्हटलं, तर ते विधान मागे घेतलं जातं. फार तर हशा होतो. दुपारी खोलीचं दार लावून काकांनी विचारलं, “काय रे, आपलं तर ‘हो’ ठरलं होतं. मधेच चष्मा का काढलास?”

घाम पुसत होतो, एवढंच म्हणायचं होतं. ते पंतोजींच्या जिभेवर आलंही. पण त्यांना स्वतःची लाज वाटली. ज्याच्या एका खुणेवर खातं चालतं, ज्याला मंत्री भर बैठकीत ‘माझं डोकं’ म्हणतात, त्या माणसाने घामापायी मंत्र्याला खोटं बोलायला लावलं, हे सांगायचं कसं? खोलीत दोन अधिकारीही होते. पंतोजी म्हणाले, “कारण आहे. ‘हो’ म्हटलं असतं तर नुकसानभरपाईचा दावा थेट तुमच्यावर आला असता. आता मागे फिरू नका. मागे फिरलं तर जास्त वाईट दिसेल.”

तर्कशास्त्राच्या मास्तराला कशालाही तर्क सापडतो. तो सापडल्यावर त्याला स्वतःलाही पटायला लागतो, हे त्याचं खरं दुर्दैव. काकांनी मान डोलावली आणि चहा मागवला. कामकाज संपलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. इंजिनिअरला आधी खोटारडा ठरवून घरी बसवलं. मग त्याने काकांच्या फोनचे पुरावे पुढे केले. ज्यांनी तो फोन त्याच्या शेजारी बसून ऐकला होता, ती माणसंही उभी राहिली. सभागृहाची दिशाभूल केली म्हणून काकांवर ठपका ठेवणारा ठराव आला, मंत्रिपद गेलं, आमदारकी सोडावी लागली, आणि तसबीर उतरवायची असंही त्याच ठरावात लिहिलं गेलं. काका सभागृहात एवढंच बोलले, की मी विसरलो होतो, यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. तेव्हाही पंतोजी वर सज्जातच होते. त्या दिवशी मात्र काकांनी वर पाहिलं नाही.

आणि रिकाम्या झालेल्या जागेसाठी काकांनी पंतोजींचं नाव सुचवलं. प्रचाराच्या प्रत्येक सभेत त्यांचा हात धरून उंच केला. हा माझ्याहून हुशार आहे आणि माझ्याहून प्रामाणिक, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपला हात दुसऱ्याच्या हातात वर असताना माणसाला मान खाली घालता येत नाही, हे पंतोजींना तेव्हा कळलं.

त्यानंतर ते दोनदा निवडून आले. काम नेटाने करत. लोक म्हणत, काकांच्या तालमीत तयार झालाय. मात्र एक गोष्ट त्यांच्या बायकोच्या लक्षात आली होती. पंतोजी चारचौघांत चष्मा कधी पुसत नसत. पुसायचा झाला तर उठून दुसऱ्या खोलीत जात. बायको नातेवाइकांत थट्टा करी, आमचे हे कपडे बदलावेत तसा चष्मा पुसतात. पंतोजी हसण्यात हसू मिसळत.

यंदा इमारतीची डागडुजी निघाली. तसबिरी उतरवून, पुसून, नव्या चौकटीत घालून पुन्हा लावायच्या ठरल्या, आणि कोणीतरी तो खिळा दाखवून विचारलं, याचं काय करायचं. अध्यक्षांनी निवाडा दिला, की सभागृहाने काढलेली तसबीर सभागृहच लावू शकेल, कोणाला वाटत असेल तर ठराव आणा. सगळ्यांच्या नजरा पंतोजींकडे गेल्या. न आणून चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी ठराव आणला.

करवत आता म्हातारा झाला होता, पण दाते शाबूत होते. उपाहारगृहात तो पंतोजींच्या टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, की काका माणूस म्हणून मला आवडायचा, पण सभागृहात खोटं बोलला ते बोललाच. नुसत्या वयाची आणि सेवेची रड लावाल तर आम्ही ठराव पाडू. “एक नवी गोष्ट पुढे आणा. त्या दिवशी तो खोटं का बोलला, ते सांगणारी. मग मी स्वतः स्टुलावर चढून तसबीर लावतो.”

नवी गोष्ट जगात एकाच माणसाकडे होती, आणि तो समोर बसून चहा ढवळत होता. चहात साखर घातलेली नव्हती.

पंतोजींची स्वतःची सल्लागार म्हणजे एक तरुण, तल्लख वकीलबाई. ठरावाचं भाषण तिने लिहून आणलं. तिचा सल्ला असा, की भावना भरा, माहिती भरू नका. शिळ्या कढीला ऊत आणला तर आगाराचं प्रकरण पुन्हा निघेल, आणि तेव्हा सल्लागार कोण होतं हे लोकांना आठवेल. निवडणूक तोंडावर आहे. ठराव पडला तर पडला, तुम्ही प्रयत्न केला हे दिसेल. तिचं बोलणं ऐकताना पंतोजींना स्वतःचाच जुना आवाज ऐकू येत होता. इतकं बिनतोड आणि इतकं सोयीचं ते स्वतःच बोलत आले होते.

ठरावाच्या आदल्या सकाळी ते काकांकडे गेले. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले होते.

काका इस्त्री करत होते. राजकारण सुटल्यापासून स्वतःच्या कपड्यांना स्वतः इस्त्री करायची त्यांनी सवय लावून घेतली होती, आणि म्हातारपणी माणूस एखाद्या गोष्टीत बुडतो तसे त्यात बुडाले होते. रुमालांनासुद्धा इस्त्री. घरभर गरम कापडाचा वास. काकूंनी दार उघडलं आणि आत वळता वळता हळूच म्हणाल्या, की उद्या यायचं म्हणून यांनी तीन सदरे काढलेत, वरवर मात्र मला काय त्याचं असं चाललंय.

काकूंनी पंतोजींना स्वयंपाकघरात बसवून घेतलं. त्यांना एक विचारायचं होतं, आणि त्या ते गेली कित्येक वर्षं मनात ठेवून होत्या.

“हे म्हणाले, विसरलो,” काकू म्हणाल्या. “अरे, माझ्या लग्नात माझ्या मामाने यांना पानाऐवजी नुसतंच पाणी विचारलं, ते या माणसाने अजून विसरलेलं नाही. स्वतः केलेला फोन चार आठवड्यांत विसरतील? तू त्यांच्या इतका जवळ होतास. तुला काही ठाऊक असेल तर मला सांग. लोकांना नको सांगूस हवं तर. मला सांग.”

पंतोजी म्हणाले, “काकू, मी बोलतो काकांशी.”

“म्हणजे ठाऊक आहे,” काकू म्हणाल्या, आणि गॅस बारीक करायला वळल्या.

बाहेरच्या खोलीत काका कॉलरीवर पाण्याचा हबका मारत होते. पंतोजी समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी घसा साफ केला, हवामानावर बोलले, गुडघ्यांवर बोलले. म्हणाले, त्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल मला जरा बोलायचं होतं. काकांनी इस्त्री उचलून उभी ठेवली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे पंतोजींना पुढे कितीही आठवून नीट सांगता आलं नाही. वाट पाहणं होतं, असं वाटलं.

“बोल की,” काका म्हणाले.

पंतोजी म्हणाले, की उद्या करवत त्या प्रश्नावर येणार, तेव्हा आपण काय धोरण ठेवायचं.

काकांनी पुन्हा इस्त्री हातात घेतली. “धोरण तुझं खातं,” ते म्हणाले. “फक्त माझ्यासाठी दया मागू नकोस. भिंतीवर दयेने टांगलेली माणसं बघवत नाहीत.” थोड्या वेळाने म्हणाले, की पासाची व्यवस्था कर, मी वर बसेन, सज्जात. तुझी जुनी जागा मिळाली तर बघ.

पंतोजी जिना उतरले तेव्हा त्यांना काकूंच्या चहाचा घोट घेतल्याचंही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. वर सज्जाच्या पहिल्या रांगेत, पंतोजी पूर्वी बसत त्याच खुर्चीत, काका बसले होते. सदऱ्याची इस्त्री खालूनही दिसत होती. शेजारी वकीलबाई. पंतोजींनी भाषण सुरू केलं. सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पूल सांगितले, शाळा सांगितल्या, पुरात काका कंबरभर पाण्यात उभे राहिले ते सांगितलं. भाषण चांगलं झालं. जुन्या सभासदांनी बाकं वाजवली. वकीलबाईंनी वरून समाधानाने मान हलवली.

मग करवत उठला. त्याने शांतपणे विचारलं, की सभासद महोदय त्या काळी माजी मंत्र्यांचे सल्लागार होते, त्या दिवशी स्वतः हजर होते. ज्यामुळे आम्ही आमचा जुना ठराव फिरवावा, अशी एखादी नवी गोष्ट त्यांच्याकडे आहे काय?

पंतोजींची पाचावर धारण बसली. त्यांनी वर पाहिलं. तेवढ्यात काकांनी चष्मा काढला.

काढला आणि मांडीवर धरला. पंतोजींच्या अंगातून एकदम सगळा ताण उतरला, जसा ताप उतरतो. ‘नाही’ म्हण, पुढचं मी पाहतो. काकांना सगळं ठाऊक आहे, आणि काका सांगताहेत, गप्प राहा, असू दे. केवढं मोठं मन. असं त्यांच्या मनात आलं, आणि मनातला तर्क पुरा व्हायच्या आधीच तोंड बोलून गेलं.

“नाही. नवी गोष्ट काही नाही.”

करवत खांदे उडवून खाली बसला. अध्यक्षांनी मतदान दुपारच्या सुट्टीनंतर ठेवलं आणि सभागृह तेवढ्यापुरतं उठलं. ठराव पडणार हे आता शिपायांनाही कळलं होतं.

पंतोजी मागच्या जिन्याने निघाले होते. वकीलबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, काका वरच्या मार्गिकेत थांबलेत, तुम्हाला बोलावलंय. टाळता येण्यासारखं नव्हतं. कित्येक वर्षांनी पंतोजींनी त्या मार्गिकेत पाऊल ठेवलं. भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या होत्या, त्यामुळे सगळी भिंतच खिळ्यांची झाली होती, आणि त्यात काकांचा खिळा वेगळा ओळखू येत नव्हता. काकांना मात्र येत होता. ते बरोबर त्याच्यासमोर, खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते.

वकीलबाईंना पंतोजींनी पाणी आणायला पाठवलं. मग म्हणाले, “काका, तुम्ही खूण केलीत म्हणून मी ‘नाही’ म्हटलं. तुमचे उपकार कसे फेडू?”

“कसली खूण?” काका म्हणाले.

“चष्मा काढलात.”

काकांनी खिशातून रुमाल काढला. इस्त्रीची घडी मोडलेली होती, कोपरा ओला होता. “चष्मा पुसत होतो रे,” ते म्हणाले. “तू पुराची गोष्ट सांगितलीस, डोळ्यांना पाणी आलं. काच धूसर झाली.”

पंतोजी उभेच राहिले. इतकं साधं वाक्य. ना त्यात काही लपवणं, ना लाज. एका दमात म्हणून टाकण्यासारखं. हेच वाक्य एके दुपारी त्यांच्या जिभेवर येऊन परत गेलं होतं, आणि त्याच्या जागी त्यांनी नुकसानभरपाईचा दावा नेऊन बसवला होता. एक माणूस घरी बसला, एकाची तसबीर गेली, आणि त्यांना बाक मिळालं.

“त्या दिवशी मीही,” पंतोजी म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या चष्म्याला हात लावला. “काका, त्या दिवशी मीही पुसतच होतो. घाम होता. खूण नव्हती. दावाबिवा मी नंतर रचला.”

काकांनी खिळ्याकडे पाहिलं. खाली अंगणात कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कोणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणून ओरडत होता.

“इंजिनिअर उभा राहिला ना, त्याच दिवशी मला संशय आला,” काका म्हणाले. “एवढा हुशार माणूस, आणि असलं फुसकं कारण? पण म्हटलं, विचारणार नाही. आपण होऊन सांगेल. तुझ्या प्रचाराच्या सभेत हात धरला तेव्हा वाटलं, आज सांगेल. काल इस्त्री उभी ठेवली, तेव्हाही वाटलं.”

“मला क्षमा करा.”

“ते नाही जमायचं,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाले. “खोटं मी बोललो, तोंड माझं होतं. त्याचा ठपका माझाच, तो मी कुणाला देत नाही. पण आमच्या घरात ती बाई इतकी वर्षं विचार करतेय, की आपला नवरा विसरभोळा की लबाड. त्याची क्षमा मी कोण करणार? आणि तो इंजिनिअर?” ते उठले, सदरा खाली ओढून सारखा केला. “मला सांगून काय होणार, पंतोजी. सभागृह अजून संपलेलं नाही.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. वकीलबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या तेव्हा पंतोजी निघाले होते. त्या बरोबरीने चालत विचारू लागल्या, काय बोलणं झालं, आता काय करायचं. पंतोजी म्हणाले, वैयक्तिक खुलासा करायचाय. वकीलबाई जागच्या जागी थांबल्या. मग पुन्हा गाठून म्हणाल्या, की निदान आज नको, एक रात्र जाऊ द्या, नीट शब्द मांडू, तुमचं सगळं जाईल. त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या. त्यांच्या जागी पंतोजींनी शब्दन्‌शब्द हेच सांगितलं असतं.

बाकाशी पोचताना पंतोजींच्या मनात एकच काटा सलत होता. इतकी वर्षं रोज उठून जे करायचं होतं, तेही शेवटी कोणीतरी सांगितलं तेव्हाच ते करायला निघाले होते. हेही दुसऱ्याच्याच खुणेवर. हे काही त्यांच्या खाती जमा धरता येणार नव्हतं.

त्यांनी हात वर केला. अध्यक्षांनी मतदान थांबवून नाव पुकारलं. पंतोजी उठले आणि सवयीने त्यांची मान वर, सज्जाकडे वळू लागली. पहिल्या रांगेत काका येऊन बसत होते, वकीलबाई कठड्यावर वाकून हात हलवत होत्या. पंतोजींनी चष्मा काढला, सगळ्यांच्या देखत सदऱ्याच्या टोकाने पुसला, घडी घालून खिशात ठेवला. सज्जा, बाकं, करवत, अध्यक्ष, सगळ्यांचा मिळून रंगांचा काला झाला.

त्या काल्याकडे तोंड करून ते म्हणाले, “अध्यक्ष महोदय, सकाळी मी सभागृहात खोटं बोललो. नवी गोष्ट आहे. ती माझी आहे.”

कोणीतरी हसलं. करवतच्या बाकाकडून कोणीतरी ‘ऐकू द्या’ म्हणालं. पंतोजींनी बाकाची कड घट्ट धरली आणि घामापासून सुरुवात केली.